डब्बू, पिठलं आणि आल्यावर सांगायची अट

छोटा हत्ती (लहान मालवाहू टेम्पोला आमच्या नांदेडात सगळे हेच म्हणतात) क्वार्टरसमोर येऊन उभा राहिला, तेव्हा त्यात सर्वांत आधी डब्बू चढला. त्याला कुणी चढ म्हटलं नव्हतं. आमच्या घरातून एखादी गाडी निघणार असेल तर आपण त्या गाडीत असलंच पाहिजे, एवढंच त्याला माहीत. फळी खाली पाडायच्या आत त्याने उडी मारली आणि रिकाम्या टेम्पोच्या मधोमध, अजून न आलेल्या सामानाची वाट बघत बसला.

पिठलं मात्र कपाटाखाली होतं. पिठलं म्हणजे आमची मांजर. तिचा रंग पिठल्याचा, म्हणून पप्पांनी नाव ठेवलं आणि नाव ठेवल्यापासून ‘ती’चं ‘ते’ झालं. कपाट उचलून टेम्पोत जायचं होतं, त्यामुळे आधी पिठलं बाहेर काढणं भाग होतं. शेजारच्या शोभाकाकू दारात उभ्या राहून सल्ला देत होत्या.

“पोत्यात घाल म्हणून राहिले ना मी तुला. पोत्याचं तोंड बांधायचं अन् गरगर फिरवायचं. दिशा भुलली की मांजर माघारी येत नाही.”

“काकू, तिला चक्कर येईल.”

“येऊ दे की. नाही फिरवलं तर महिनाभरात इथं भिंतीवर बसलेली दिसेल, बघ.”

मी पोतं घेतलं नाही. बाजारातून डालगं (कोंबड्या झाकायची बांबूची टोपली) आणलं होतं, त्यात माझा जुना स्वेटर टाकला आणि पिठल्याला मानेला धरून आत बसवलं. वरून दुसरी टोपली पालथी घालून सुतळीने बांधली. मला त्या कामाचा थोडा अभिमान वाटला. तो अहमदपूरपर्यंतच टिकला, पण ते पुढे येईल.

निघताना पप्पांनी एक साखळी आणून दिली. नवी, चकचकीत, जाड कड्यांची. डब्बू आजवर कधी बांधला गेला नव्हता. क्वार्टरच्या आवारात तो मोकळा फिरायचा आणि सगळ्या आवाराला तो आपलाच वाटायचा.

“घरमालकिणीला आधी ही दाखव,” पप्पा म्हणाले. “म्हणावं, कुत्रं बांधून ठेवते. काही त्रास होणार नाही.”

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण साखळी हातात देताना त्यांनी डब्बूकडे पाहिलं नाही.

आता हे सगळं का चाललं होतं, ते सांगते. पप्पा सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि क्वार्टर सोडायची वेळ आली. आई-पप्पा दादाच्या फ्लॅटवर राहायला जाणार होते. त्या इमारतीत कुत्रं-मांजर चालत नाही. माझी बँकेतली पहिली नोकरी लागली ती लातूर जिल्ह्यात, किल्लारीच्या शाखेत. मी काही आठवडे लातुरात मैत्रिणीच्या खोलीवर राहून जाऊन-येऊन करत होते आणि उरलेल्या वेळात घर शोधत होते. घर मिळालं नसतं तर डब्बू हदगावला आत्याच्या शेतावर गेला असता आणि पिठलं क्वार्टरमध्येच राहिलं असतं, नव्या माणसांच्या दयेवर. दोघंही मी आणलेली. एकाला पावसाळ्यात नाल्यातून, दुसरीला शाळेच्या मागच्या भिंतीवरून. त्यामुळे जबाबदारी माझी होती आणि ती मी कुणाकडे टाकणार नव्हते.

घर शोधणं हा वेगळाच प्रवास होता. लातुरात आणि औशात मी बऱ्याच पायऱ्या चढले. मी फार बोलत नाही. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मराठीत अनोळखी माणसाशी बोलताना आधी मनात वाक्य जुळवते आणि ते जुळेपर्यंत समोरचा पुढे गेलेला असतो. पण घरमालक जे विचारतात त्याला फार मोठी वाक्यं लागत नाहीत. नोकरी कुठे, एकट्याच राहणार का, आणि मग आडनाव. मी सांगायचे, सोनकांबळे. त्यानंतर एक छोटी शांतता यायची. ज्यांच्या वाट्याला ती शांतता येते त्यांना ती ओळखता येते. मग घरमालक म्हणायचे, “कुत्रं आहे म्हणता ना तुमच्याकडं? मग अवघड आहे बघा.” एका ठिकाणी मी कुत्र्याचं सांगितलंच नाही. तिथे त्यांच्याकडे अचानक पाहुणे येणार होते, कायमचे.

म्हणून मी एक ठरवलं. यापुढे कुत्रा आधी सांगायचा. नकार कुत्र्याला आहे की मला, हे तरी कळेल.

अनुसयाकाकूंचा नंबर आमच्या शाखेच्या कॅशियरने दिला. किल्लारीतच घर, मागच्या दोन खोल्या रिकाम्या. मी फोनवर ठरवल्याप्रमाणे सुरुवात केली. “माझ्याकडे एक कुत्रा आहे. एक मांजर पण आहे. माझं आडनाव सोनकांबळे. आम्ही बौद्ध आहोत.” एका दमात. मनात वाक्यं जुळवून ठेवलेलीच होती.

पलीकडे भांडं घासल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

“कुत्रं केवढं हाय?”

“मोठं आहे.”

“आण की. पर एक अट हाय माझी.”

“कोणती?”

“आल्यावर सांगते. फोनवर सांगायची न्हाई ती.”

आणि फोन बंद.

ती अट घेऊन मी टेम्पोत बसले. मांडीवर गोधडीत गुंडाळलेली बुद्धमूर्ती. आमच्या घरी नव्या जागेत सर्वांत आधी तीच जाते, मग बाकीचं सामान. पायाशी डालगं. मागे गाद्यांच्या ढिगावर डब्बू, केबिनच्या मागच्या खिडकीला नाक लावून. आणि गाडी चालवायला सलीमचाचा. ते आमच्या आवारातल्या बदल्यांचं सामान नेण्याचं काम वर्षानुवर्षं करत आलेले आहेत, त्यामुळे कुठल्या साहेबाचं कपाट किती जड, हे त्यांना पाठ.

“बेटी, कुत्र्याचं मला काय टेन्शन नाही,” गोदावरीचा पूल ओलांडताना ते म्हणाले. “ये बिल्ली लई बदमाश चीज. बघ, शिव्या देऊन राहिली मला.”

पिठलं खरंच एका सुरात ओरडत होतं. लातूर फाट्यापासून सोनखेडपर्यंत ते थांबलं नाही. सलीमचाचा त्याला उत्तरं देत होते. “हाँ बाई, खड्डा होता. आता सरकारला सांग, मला काय सांगती.”

लोहा मागे पडलं. दोन्ही बाजूंना तुरी फुलून पिवळ्या झाल्या होत्या, मधून मधून ज्वारीचे हिरवे चौकोन. वर आभाळ इतकं मोठं की टेम्पो जागच्या जागी उभा आहे असं वाटावं. मी नांदेडात वाढले, पण हा रस्ता आजवर बसच्या खिडकीतूनच पाहिला होता, कानात गाणी लावून. या वेळी कानात पिठलं होतं. मी अटीचा विचार करत होते. कदाचित अंडी-मटण चालणार नाही म्हणतील. त्या लिंगायत आहेत, हे कॅशियरने सांगितलं होतं. कदाचित मूर्ती बाहेरच्या खोलीत ठेवू नको म्हणतील. कदाचित नळाचं काहीतरी. प्रत्येक अटीला मी मनात एक उत्तर तयार केलं. साखळी पर्समध्ये होती. उत्तरांमध्ये तीच सर्वांत वजनदार होती.

अहमदपूरच्या अलीकडे एका हॉटेलापाशी गाडी थांबली. आमच्याकडे हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड, पुढे कढई आणि दोन बाकडी. सलीमचाचांनी सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला नाश्ता) सांगितली, वर शेव आणि कच्चा कांदा. मी डब्बूला खाली उतरवलं, नवी साखळी त्याच्या गळ्यात घातली आणि टोक टेम्पोच्या कडीला अडकवलं. सवय व्हायला हवी ना. तो मान खाली घालून उभा राहिला. त्याने साखळी ओढली नाही की भुंकला नाही. आपलं काय चुकलं, ते शोधत असावा.

तेवढ्यात पप्पांचा फोन आला. बाकड्यावर दोन माणसं चहा पीत बसली होती. मी पाठ वळवली आणि तोंडावर हात धरून म्हटलं, “जय भीम पप्पा. हो, नाश्ता चालू आहे. पोहोचल्यावर करते.” पप्पा म्हणाले, “आवाज येत नाही तुझा.” मी म्हटलं, “रेंज नाही.” रेंज होती.

नाश्ता झाल्यावर पिठल्याला पाणी द्यावं म्हणून मी डालग्याची सुतळी थोडी सैल केली. थोडीच. पुढचं मला नीट दिसलंही नाही. वाटी उलटली, काहीतरी पिवळं माझ्या खांद्यावरून गेलं आणि शेडमागच्या तुरीत शिरलं. तुरी डोक्याएवढ्या उंच होत्या आणि फुललेल्या, म्हणजे नेमक्या पिठल्याच्या रंगाच्या.

मी बांधावर उभी राहिले आणि हाक मारली. माझी हाक म्हणजे शेजारच्या बाकावरची मुलगी वळेल, एवढीच. तुरीत काहीच हललं नाही. रस्त्यावरून ऊस भरलेला ट्रॅक्टर गेला आणि माझा आवाज त्याने सहज सोबत नेला.

“अशी कशी येईल ती?” सलीमचाचा मागून म्हणाले. “तू तिला बोलवून राहिली का तिची माफी मागून राहिली? जोरात बोल.”

मी आजवर सार्वजनिक जागी कधी ओरडले नव्हते. वर्गात नाही, बसमध्ये नाही, कुणी धक्का मारला तेव्हाही नाही. तिथे मी छातीत हवा भरली आणि ओरडले, “पिठलं! ए पिठलं!”

बाकड्यावरचा एक जण वळला. “मॅडम, पिठलं दुपारी असतंय. आत्ता भजे हायेत.”

दुसरा हसला. माझे कान तापले, पण आता थांबून उपयोग नव्हता. मी पुन्हा ओरडले, आधीपेक्षा मोठ्याने. पुन्हा. घसा खरवडला. रस्त्यापलीकडे कापूस वेचणाऱ्या बायका उभ्या राहून पाहू लागल्या. माझ्या आवाजाने डब्बू मात्र वेडा झाला. तो साखळी ताणून मागच्या पायांवर उभा राहिला होता.

“त्याला सोड,” सलीमचाचा म्हणाले.

“तो पण पळाला तर?”

“तो कुठं जातोय. तुझ्याशिवाय त्याचं हाये कोण?”

मी साखळी काढली. डब्बू सरळ तुरीत घुसला. काही वेळ नुसते शेंडे हलताना दिसत होते, आधी डावीकडे, मग खूप आत. मग शेंडे थांबले. मी तिकडे गेले, फांद्या बाजूला सारत, तोंडावर पिवळी फुलं झडत. डब्बू एका सरीत आडवा पसरला होता आणि त्याच्या पोटाला पाठ लावून पिठलं बसलं होतं, शेपटी फुगवलेली, अजून शिव्या देत.

परत येताना दोघांनाही मी उचललं नाही. डब्बू माझ्यामागे आला आणि पिठलं डब्बूमागे. बाकड्यावरची माणसं आता हसत नव्हती. भज्यांची आठवण करून देणाऱ्याने विचारलं, “मांजर कुत्र्यामागं येतं का कुठं?” मी म्हटलं, “आमचं येतं.” मनात वाक्य न जुळवता म्हटलं.

पिठल्याला पुन्हा डालग्यात बांधून गाडीत बसल्यावर मला पप्पांचा फोन आठवला. पप्पांशी बोलताना जो आवाज मी हाताने झाकला होता, तोच मांजरासाठी अर्ध्या रानाने ऐकला होता. मला त्याचं हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. चाकूर गेलं, लातूर बाहेरून गेलं. औशाच्या पुढे लामजना पाटी लागली. पाटी म्हणजे इकडे फाटा. तिथून गाडी वळली.

किल्लारी प्रथम पाहणाऱ्याला ते खेडं वाटत नाही. भूकंपानंतर वसवलेलं नवं गाव आहे ते. रुंद सरळ रस्ते, एका मापाची घरं, घरांमध्ये मोकळी अंतरं. झाडं आता मोठी झाली आहेत, पण तीही ओळीत लावलेली. वळणं घेत जाणारी गल्ली नाही. मी शाखेत जाताना हे रोज बघायचे, पण राहायला येताना ते वेगळं दिसलं. इथल्या प्रत्येक घराला आपण कधी बांधले गेलो आणि का, ते ठाऊक आहे.

अनुसयाकाकू अंगणात शेंगा निवडत बसल्या होत्या. पन्नाशी ओलांडलेली बाई, कपाळाला विभूतीची पुसट रेघ, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्या उठल्या नाहीत. डब्बूकडे पाहिलं, डालग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“कोण्या गावचे म्हणायचे?”

“मूळ हदगावचे. पण मी नांदेडात वाढले.”

“बस. चहा टाकते.”

त्या आत गेल्या. चहा आला तेव्हा मी कप पाहिले. ही माझी जुनी सवय आहे, नकळत होते. तिन्ही कप एकाच जातीचे होते, निळ्या फुलांचे. एकाचा कान तुटला होता. तो त्यांनी स्वतःकडे ठेवला.

मी चहा खाली ठेवला, पर्समधून साखळी काढली आणि त्यांच्यापुढे धरली. “काकू, कुत्र्याचा काही त्रास होणार नाही. रात्री मी बांधून ठेवीन. दिवसा बँकेत असताना पण.”

अनुसयाकाकूंनी साखळीकडे पाहिलं. हात पुढे केला नाही. शेंगांचं सूप बाजूला सारलं.

“हीच माझी अट हाय,” त्या म्हणाल्या. “माझ्या घरात जनावर रात्रीचं बांधायचं न्हाई. कुत्रं न्हाई, मांजर न्हाई, कायबी न्हाई. मोकळं ऱ्हाईल तर राहू दे. बांधणार असलीस तर गाडी आत्ताच माघारी फिरव.”

वाटेत मी जेवढी उत्तरं तयार केली होती, त्यांतलं एकही या अटीला लागू नव्हतं. “का?” मी विचारलं.

“जुन्या गावात मोत्या होता आमचा. गणपती बुडवून लोक निजलेले. त्यो काय निजंना. ह्या दारातून त्या दारात, नुसता रडायचा. आमचे मामंजी तापट. उठले अन् त्याला गोठ्यात नेऊन साखळीला बांधलं, वरून कडी घातली. पहाटं माझं पोर रडाया लागलं म्हणून मी त्याला घेऊन अंगणात आले. आन् माळवद (मातीचं जाड धाबं) खाली आलं.” त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. “ढिगारा उपसला तवा साखळी ताणलेली होती. दाराकडं.”

सलीमचाचांनी कप खाली ठेवला. डब्बू त्यांच्या आणि माझ्या मध्ये येऊन बसला होता.

“आमच्या आळीत कुणीच बांधत न्हाई,” काकू आता नेहमीच्या आवाजात म्हणाल्या. “गाय-म्हैस पण उघड्यावर, आन् दावं असं की हिसका दिला की सुटावं. नवी माणसं येतात, म्हणतात चोर नेतील. नेऊ दे. कळलं का?”

“कळलं,” मी म्हटलं आणि साखळी पर्समध्ये ठेवली. पुन्हा ती काढायची नव्हती.

मग मी माझंही सांगून टाकलं. “डब्बू अंडं खातो. मी पण खाते. मटण पण.”

त्यांनी ओठ मुडपले. “मागच्या अंगणात चूल हाय. तिथं कर. माझ्या घरात आणू नको.”

“माझ्या खोलीत खाईन,” मी म्हटलं. “भाडं त्या खोलीचं देणार आहे.”

सलीमचाचा छताकडे बघायला लागले. काकूंनी मला नीट पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच.

“लई बोलती की तू. फोनवर तर मुकी वाटली होतीस. बरं. खा तुझ्या खोलीत. दार लावून.”

मला ‘दार लावून’ आवडलं नाही. पण ते मी त्यांच्या खात्यात ठेवलं आणि ‘खा’ माझ्या.

मी गोधडी सोडून मूर्ती घेऊन आत गेले. भिंतीत वर, जवळजवळ छताला लागून एक फळी होती. मी तिथलीच खुर्ची ओढली, तशा काकू मागून म्हणाल्या, “उंच ठेवू नको.”

माझा हात थांबला. मी वळले नाही. वळण्याआधी चेहरा सरळ करायला थोडा वेळ लागतो.

“आमच्यात डोक्यावर जड काय ठेवत न्हाईत. हाललं की पयलं तेच पडतंय. ते बघ माझे देव.” मी वळून पाहिलं. मधल्या दारातून त्यांच्या खोलीतला देव्हारा दिसत होता, जमिनीपासून हातभर उंचीच्या कट्ट्यावर. पितळेची भांडीही खालीच रचलेली. भिंतींवर काहीही नव्हतं, एक कागदी कॅलेंडर सोडून. “तुझा देव खिडकीच्या कट्ट्यावर ठेव. रुंद हाय तो.”

“देव नाहीत ते, काकू. आम्ही वंदना करतो, पण देव नाही म्हणत.”

“मग काय म्हणता?”

“तथागत.”

“ठेव मग तथागताला तिथं. ऊन पण येतंय.”

मूर्ती खिडकीत बसली. बाहेरून येणाऱ्याला ती घराच्या आधी दिसते. मी तिथे मेणबत्ती लावली, त्रिशरण म्हटलं आणि मग सलीमचाचांनी कपाट आत आणलं. त्यांना परत जायची घाई होती, तरी त्यांनी डालगं स्वतः उघडलं. पिठलं बाहेर आलं, त्यांच्या चपलेचा वास घेतला आणि कपाटाखाली गेलं. “बस, हो गया शिफ्टिंग,” ते म्हणाले. संध्याकाळी काकूंनी ज्वारीच्या भाकरी, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी आणि शेंगांची चटणी दिली. त्यांनीच दार वाजवून दिली, तेव्हा मी माझं दार उघडं ठेवून जेवले.

डब्बू पहिले काही दिवस गोंधळला. मग त्याने आपल्या कामाची हद्द ठरवून घेतली, अनुसयाकाकूंच्या पायरीपासून बँकेच्या वळणापर्यंत. सकाळी तो मला वळणापर्यंत सोडतो आणि संध्याकाळी तिथेच असतो. पिठलं कपाटाखालून निघालं ते काकूंच्या शेंगांच्या पोत्यावर. उंदरांचा बंदोबस्त झाल्यापासून काकू त्याला ‘बाई’ म्हणतात आणि दुधाची वाटी देताना, “मी काय हिच्यासाठी घेत न्हाई दूध,” असं रोज न विचारता सांगतात.

येळवस (वेळा अमावास्या, त्या दिवशी लातूरकडचं सगळं माणूस शेतात जेवतं) जवळ आली, तेव्हा मी आई-पप्पांना भेटायला नांदेडला गेले. दोघांना सोडून पहिल्यांदाच. साखळी सोबत नेली आणि दादाच्या फ्लॅटमध्ये पप्पांच्या हातात परत दिली. शोभाकाकू तिथे आल्या होत्या. त्यांनी आल्या आल्या सांगितलं की क्वार्टरच्या भिंतीवर त्या रोज बघतात, अजून मांजर आलेलं नाही. जरा निराशच होत्या.

पप्पांनी साखळीची हकीकत पूर्ण ऐकली. मग विचारलं, “मग रात्री कुठं असतो तो?”

“माझ्या दारात.”

“बांधल्याशिवाय?”

“बांधल्याशिवाय.”

पप्पा उठून बाल्कनीत गेले. परत आले तेव्हा म्हणाले, “पुढच्या वेळी मी पण येतो. बघतो.” पप्पा सहसा कुणाकडे जात नाहीत.

परतीला येळवशीची सकाळ होती. लातूर ओस पडलं होतं. सगळं शहर डबे आणि मडकी घेऊन गावाकडे निघालेलं. औशाहून किल्लारीच्या जीपमध्ये मी कशीबशी शिरले. या दिवशी इथे कुणी कुणाला कुठे राहता विचारत नाही. एकच प्रश्न असतो. शेजारच्या आजींनी तोच विचारला.

“कुणाच्या रानात जेवायला?”

“अनुसयाकाकूंच्या. मी त्यांच्याकडे राहते. सोनकांबळे. बँकेत आहे.”

मी थांबले. ती छोटी शांतता येते का, ते पाहायला. आजींनी डोळे बारीक केले.

“ते पिवळं मांजर कुत्र्यामागं हिंडतंय, ते घर?”

“हो. ती दोघं माझीच.”

“आसं सांग की मग,” म्हणत आजींनी मांडीवरचं आंबिलीचं (ताकातली ज्वारीची कांजी) मडकं माझ्या मांडीवर सरकवलं. “धर जरा. हात दुखाय लागला. सांडू नको.”

शेतात पोहोचले तेव्हा कडब्याच्या कोपीत (उभ्या पेंढ्यांच्या खोपीत) पूजा चालू होती. मी आत गेले नाही, काकूंनीही बोलावलं नाही. त्यांनी फक्त हाताने खूण केली, तिकडे सावलीला बस. मग पत्रावळ आली, भज्जीने (डाळी आणि पालेभाज्या एकत्र शिजवलेली) भरलेली, बाजरीच्या उंड्यांसह (पिठाचे उकडलेले गोळे). सगळ्यांच्याच पत्रावळी एका ओळीत होत्या. माझी काकूंच्या शेजारी.

जेवताना पप्पांचा फोन आला. आजूबाजूला दहा शेतांची माणसं, आरोळ्या, मुलं.

“जय भीम, पप्पा,” मी म्हटलं. हात मोकळा होता, तरी तोंडावर गेला नाही.

“आज आवाज स्वच्छ येतोय.”

“कोण हाय? वडील?” काकूंनी भज्जीच्या हातानेच फोन ओढला. “हां, नमस्कार. पोरगी बरी हाय. जेवती बी आन् भांडती बी. तुम्ही कवा येता? कुत्रं काय म्हणता, कुत्रं लई गुणाचं हाय. आत्ता? माझ्यामागं रानात आलंय, कुठं हाय कुणास ठाऊक. मोकळं असतंय.”

त्यांनी फोन मला परत दिला. पप्पा ऐकत होते. मी उभी राहिले आणि ज्वारीच्या पलीकडे, पार दुसऱ्या बांधापर्यंत जाईल अशी डब्बूला हाक मारली. शेजारच्या रानातल्या लोकांनी वळून पाहिलं. बघू दिलं. मग ज्वारीची ताटं लांबवर हलली, हलत हलत माझ्याकडे आली, आणि ती येईपर्यंत मी फोन उंच धरून ठेवला, म्हणजे पप्पांनाही ऐकू यावं.